खलाशी विझर्ड होऊ शकतो का? बॅकग्राउंड आणि क्लास जुळवण्याविषयी

प्रश्न असा आहे. पहिल्यांदाच डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत मिळून कथा रचण्याचा खेळ खेळायला बसणाऱ्या एका खेळाडूला विझर्ड, म्हणजे जादूगार, करायचा आहे आणि त्या विझर्डचे पूर्वायुष्य खलाशाचे असावे अशी त्याची इच्छा आहे. टेबलवरचे जुने सोबती मात्र त्याला सांगत आहेत की विझर्डला सेज (विद्वान) हेच बॅकग्राउंड, म्हणजे पूर्वायुष्याची चौकट, शोभते आणि सेलर (खलाशी) घेतले तर पात्र कमकुवत होईल. यात तथ्य किती, आणि बॅकग्राउंड क्लासशी, म्हणजे पात्राच्या प्रकाराशी, जुळवायचे तर कोणत्या निकषावर, असे त्याने विचारले आहे. २०१४ साली पाचवी आवृत्ती आल्यापासून मी डीएम, म्हणजे कथा आणि नियम सांभाळणारा, म्हणून खेळ चालवत आलो आहे आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नव्या मोहिमेच्या आधी कोणीतरी विचारतोच, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी हे ठरवायला हवे की टेबलवर २०१४चे नियम चालतात की २०२४चे, कारण दोन्हींत या प्रश्नाचे उत्तर वेगळे येते आणि सल्ला देणारे बरेचदा एकीकडचा हिशेब दुसरीकडे लावतात.

२०१४च्या मुख्य पुस्तकात तेरा बॅकग्राउंड आहेत. प्रत्येकातून दोन स्किल (कौशल्ये) मिळतात, साधने किंवा भाषा मिळून आणखी दोन गोष्टी मिळतात, थोडे सामान मिळते आणि एक खास सवलत मिळते. बुद्धी, ताकद, चपळाई वगैरे सहा गुणांच्या आकड्यांशी बॅकग्राउंडचा काहीही संबंध नसतो, त्यामुळे सेलर घेतल्याने विझर्डच्या इंटेलिजन्सला (बुद्धीला) धक्का लागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. उलट स्किलची यादी नीट पाहिली तर हिशेब सोबत्यांच्या सल्ल्याच्या विरुद्ध जातो. विझर्डला स्वतःच्या क्लासमधून आर्केना (जादूचे ज्ञान), हिस्टरी, इनसाइट, इन्व्हेस्टिगेशन, मेडिसिन आणि रिलिजन या सहांपैकी दोन निवडता येतात. सेजमधून मिळतात आर्केना आणि हिस्टरी, म्हणजे जी क्लासच्या ताटात आधीच वाढलेली होती तीच. सेलरमधून मिळतात ॲथलेटिक्स आणि परसेप्शन (आसपासचे टिपणे), आणि ही दोन्ही विझर्डला त्याच्या क्लासमधून कधीच मिळाली नसती. ॲथलेटिक्सचे फार कौतुक करण्याचे कारण नाही, कारण आठ ताकद असलेल्या विझर्डला त्यातून पहिल्या लेव्हलला (पायरीला) फाशावर जेमतेम अधिक एक मिळतो. परसेप्शनची गोष्ट वेगळी आहे. माझ्या टेबलवर एका बैठकीत सर्वांत जास्त वेळा मागितला जाणारा फासा कोणता असेल तर तो परसेप्शनचा.

क्रिमिनल (गुन्हेगार) बॅकग्राउंडचा ‘रोग’ (Rogue, म्हणजे चोरट्या कामांत तरबेज असा क्लास) हे आहे तेच पुन्हा घेण्याच्या याच चुकीचे सर्वांत लोकप्रिय रूप आहे. रोगला क्लासमधूनच कुलपे उघडण्याची साधने मिळतात आणि अकरा स्किलच्या यादीतून चार निवडता येतात. क्रिमिनलमधून मिळणारी डिसेप्शन आणि स्टेल्थ ही दोन्ही त्या यादीत आहेत आणि साधनांचा संच तर तोच आहे. एकच गोष्ट दोनदा मिळाली तर त्याच प्रकारची दुसरी निवडण्याची मुभा २०१४च्या नियमांत आहे, त्यामुळे प्रत्यक्ष नुकसान होत नाही. पण चोराचे पूर्वायुष्य चोराचेच ठेवून त्या खेळाडूने नवे काय मिळवले, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही. तोच रोग सेज असता तर ग्रंथालयातून दुर्मिळ पोथ्या पळवणारा एक माणूस उभा राहिला असता आणि दारावरची जादूची खूण ओळखण्यासाठी त्याला विझर्डची वाट पाहावी लागली नसती.

२०२४च्या नियमांत मात्र सोबत्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तेथे बॅकग्राउंडची संख्या सोळा झाली आहे आणि प्रत्येकाला तीन गुण जोडलेले आहेत. त्या तिघांपैकी एकाला दोन आणि दुसऱ्याला एक, किंवा तिघांनाही एकेक अशी वाढ द्यायची असते. शिवाय प्रत्येक बॅकग्राउंडसोबत एक ठरलेले फीट, म्हणजे खास कसब, येते. सेलरचे गुण आहेत ताकद, चपळाई आणि विस्डम (शहाणपण). त्यात इंटेलिजन्स नाही. फीट आहे टॅव्हर्न ब्रॉलर, जे रिकाम्या हाताने मारामारी करणाऱ्यासाठी आहे. म्हणजे नव्या नियमांतला सेलर विझर्डला नेमके तेच देतो ज्याची त्याला गरज नाही.

तोटा किती होतो ते आकड्यांत पाहू. सहा गुणांना वाटण्यासाठी ठरलेल्या आकड्यांच्या संचातले पंधरा इंटेलिजन्सला दिले आणि वाढ मिळाली नाही, तर मॉडिफायर (गुणातून निघणारा, फाशात मिळवायचा आकडा) अधिक दोन राहतो. वाढ मिळून सतरा झाले तर तो अधिक तीन होतो. पहिल्या लेव्हलला शत्रूला जादूपासून वाचण्यासाठी तेराऐवजी बाराच गाठावे लागतात, आणि वीस बाजूंच्या फाशावर एक आकडा म्हणजे पाच टक्के. वीस वेळा जादू केली तर सरासरी एकदा हा फरक जाणवेल. हे ऐकायला किरकोळ वाटते, पण तो लवकर भरून निघत नाही. विझर्डला गुण वाढवण्याची संधी चौथ्या, आठव्या आणि बाराव्या लेव्हलला मिळते. दरवेळी दोन इंटेलिजन्समध्ये टाकले तरी मागे पडलेला विझर्ड बाराव्या लेव्हलला पुढच्याची बरोबरी गाठतो, आणि माझ्या बहुतेक मोहिमा त्याच्या बऱ्याच आधी संपल्या आहेत. म्हणून हा तोटा लहान असला तरी चिवट आहे असे मी म्हणेन. एवढे मात्र खरे की किती मंत्र तयार ठेवता येतात हे आता क्लासच्या तक्त्यावरून ठरते, इंटेलिजन्सवरून नाही. पूर्वी तेथेही फटका बसला असता.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळे लिहायला घेतले त्याकडे येतो. बॅकग्राउंडचे नाव आणि पात्राचे पूर्वायुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समुद्रावर आयुष्य गेलेल्या प्रत्येक माणसाला सेलर हीच चौकट घ्यावी लागते असे नाही. २०२४च्या यादीतले मर्चंट पाहा. त्याचे गुण आहेत कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा), इंटेलिजन्स आणि करिष्मा. विझर्डला हव्या असलेल्या दोन मुख्य गोष्टी त्यात आहेत. फीट आहे लकी, ज्यातून पहिल्या लेव्हलला रोज दोन वेळा आपला फासा सावरता येतो किंवा आपल्यावरचा हल्ला बिघडवता येतो. आणि साधन कोणते, तर नौकानयनाचे. बहुतेक लोक ही ओळ वाचतच नाहीत. स्किल आहेत ॲनिमल हँडलिंग आणि परसुएशन. म्हणजे गुरे आणि मेंढ्या वाहून नेणाऱ्या व्यापारी जहाजावरचा हिशेबनीस या चौकटीत अंगरख्यासारखा बसतो. पंधराचे सतरा इंटेलिजन्सला, तेराचे चौदा कॉन्स्टिट्यूशनला आणि उरलेले चौदा चपळाईला दिले, की सेज विझर्ड ज्या आकड्यांवर उभा असतो त्याच आकड्यांवर आपला दर्यावर्दी विझर्डही उभा राहतो.

एवढे झाले तरी हे पात्र अजून माणूस झालेले नाही. क्लास सांगतो की हा आज काय करू शकतो, बॅकग्राउंड सांगते की हा काल काय करत होता, आणि खेळात जीव येतो तो कालचा माणूस आजचा कसा झाला या दुव्यातून. तो दुवा एखाद्या वस्तूत सापडला तर फार उत्तम, कारण वस्तू टेबलवर सतत हाताळली जाते आणि चार पानी हकिगत पहिल्या बैठकीनंतर कोणाच्या लक्षात राहत नाही. विझर्डजवळ अशी वस्तू आयतीच असते, ती म्हणजे मंत्रांची वही. या हिशेबनिसाची मंत्रवही म्हणजे जहाजाची खातेवहीच का असू नये? पुढच्या पानांवर मेंढ्यांची संख्या, बंदरांची नावे, जकातीचे आकडे, आणि मागच्या कोऱ्या पानांवर बारीक अक्षरात उतरवलेले मंत्र. एका प्रवासात मालक न सापडलेली पेटी त्याने बेवारस माल म्हणून खात्यावर चढवली. आत पुस्तके निघाली. रात्रीच्या पाळीत कंटाळा घालवण्यासाठी त्याने ती नकलून काढायला सुरुवात केली आणि एके रात्री नकलताना शाई उजळली. इतके पुरते.

सुरुवातीचे सहा मंत्रही मग आपोआप सुचतात. फॉग क्लाउड, कारण चाच्यांच्या नजरेतून जहाज निसटवण्यासाठी धुक्याइतका चांगला सोबती नाही. फेदर फॉल, कारण डोलकाठीवरून पडलेला पोऱ्या त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. अलार्म मालाच्या कोठारासाठी. कॉम्प्रिहेन्ड लँग्वेजेस परक्या बंदरांतल्या करारांसाठी. पाचशे पौंड वजन हवेत तरंगत नेणारी टेन्सर्स फ्लोटिंग डिस्क, जी बहुतेक विझर्ड विसरतात पण ज्याने हमालीचे दर मोजले आहेत तो कधीच विसरणार नाही. आणि सहावा मेज आर्मर, कारण लढाईतही शेवटी जगायचे असते. या यादीत शत्रूला थेट इजा करणारा एकही मंत्र नाही, अशी तक्रार कोणी करील. ती रास्त आहे, पण ते काम तूर्त कॅन्ट्रिपवर (हवे तितक्या वेळा करता येणाऱ्या लहान मंत्रांवर) भागते आणि दुसऱ्या लेव्हलला वहीत दोन मंत्र नव्याने येतातच. सांगायचे इतकेच की पूर्वायुष्य मंत्रांच्या निवडीत उतरले की ते दर लढाईत दिसते. नाहीतर ते कागदाच्या कोपऱ्यात एक शब्द होऊन पडून राहते.

२०२४च्या यादीत असे आडवाटेचे मेळ आणखी आहेत आणि शोधताना गंमत येते. विझर्डला लागणारे चपळाई, कॉन्स्टिट्यूशन आणि इंटेलिजन्स हे तिन्ही गुण एकत्र देणारे बॅकग्राउंड एकच आहे आणि ते आहे क्रिमिनल. वर सोबत अलर्ट हे फीट, म्हणजे लढाईत लवकर पाळी. खोटे दस्तऐवज ओळखता ओळखता जादूच्या लिपीपर्यंत पोहोचलेला भामटा हा आकड्यांच्या दृष्टीने सेजपेक्षा सरस विझर्ड ठरतो, हे जुन्या खेळाडूंना पटवताना मला दरवेळी आनंद होतो. पॅलाडिनला (धर्मयोद्ध्याला) ताकद आणि करिष्मा दोन्ही हवेत. ते एकत्र देणारी बॅकग्राउंड दोनच आहेत, नोबल आणि एंटरटेनर. देवळात वाढलेल्या ॲकोलाइटमधून पॅलाडिनला ताकद मिळत नाही, पण डोंबाऱ्यासारखे खेळ करीत गावोगाव फिरलेल्या माणसाला मात्र मिळते. बार्बेरियनसाठी (रानटी योद्ध्यासाठी) ताकद आणि कॉन्स्टिट्यूशन सोल्जरमध्ये आहे तसे फार्मरमध्येही आहे. फार्मरचे टफ हे फीट दर लेव्हलला दोन जादा हिट पॉइंट (मार सोसण्याचे गुण) देते आणि धनगराच्या काठीने लांडगे हाकलणारा बार्बेरियन मला सैन्यातून पळालेल्यापेक्षा कितीतरी जास्त आवडतो. मंकसाठी (रिकाम्या हातांनी लढणाऱ्या साधूसाठी) चपळाई आणि विस्डम गाइड, स्क्राइब आणि वेफेअररमध्ये मिळते, आणि सेलरमध्येसुद्धा. रिकाम्या हाताने लढणाऱ्याला टॅव्हर्न ब्रॉलरचा उपयोगही होतो. तेव्हा खलाशाची चौकट जशीच्या तशी हवीच असेल तर ती मंकला द्यावी.

मग सेज विझर्ड, ॲकोलाइट क्लेरिक (देवाच्या शक्तीने मंत्र करणारा), सोल्जर फायटर हे सगळे चूक का? मुळीच नाही. जवळचा मेळ निवडला तर त्याच्या आत फट शोधावी लागते, एवढेच. ॲकोलाइट क्लेरिक देवळात नेमके कोणते काम करीत होता? पुजारी होता, की नैवेद्याचा स्वयंपाक करणारा, की देणग्यांचा हिशेब ठेवणारा? देवाने कौल दिला तो मुख्य पुजाऱ्याला न देता भांडी घासणाऱ्याला दिला, तर त्या देवळात दुसऱ्या दिवशी काय घडले असेल? मराठीत खेळणाऱ्या टेबलांना येथे एक फायदा आहे, तो असा की पुस्तकातला इंग्रजी शब्द आपल्या बोलीत उतरवताना तो आपोआप नेमका होतो. नोबल म्हणजे कोण हे विचारले की खेळाडूला सरदार, वतनदार किंवा पडक्या वाड्यात कर्ज लपवून राहणारा शेवटचा वारस यांतून एक निवडावाच लागतो. मोहीम फॉरगॉटन रेल्म्स या खेळातल्या काल्पनिक जगातली असली तरी हा प्रश्न विचारायला कोणाची हरकत नसते.

दूरच्या मेळाचे माझे आवडते उदाहरण २०१४च्या नियमांतले आहे. वकिली करणाऱ्या एका मैत्रिणीने गिल्ड आर्टिझनचे (कारागिराचे) बॅकग्राउंड घेऊन चर्मकाराची साधने निवडली आणि क्लास घेतला बार्बेरियन. त्या बॅकग्राउंडमधून मिळणारी इनसाइट आणि परसुएशन ही दोन्ही बार्बेरियनच्या यादीत नाहीत. तिच्या पात्राचा करिष्मा आठ होता, त्यामुळे परसुएशनचा फासा अधिक एकवरच अडकला. पण ते पात्र कोणालाही भेटले की आधी त्याच्या पायांकडे पाहत असे. तिसऱ्या बैठकीत वेशीवरच्या पहारेकऱ्याला पाहून ती म्हणाली की हे बूट या गावात शिवलेले नाहीत, याची शिवण डोंगरापलीकडची आहे. मी असे काही योजलेलेच नव्हते, पण ते इतके पटण्यासारखे होते की मी फासा न मागता तो पहारेकरी हेर ठरवला आणि पुढच्या दोन महिन्यांची कथा तेथून निघाली. रागाच्या भरात दोन हातांची कुऱ्हाड चालवणारी ती बाई रोज रात्री सगळ्यांची पायताणे दुरुस्त करून देत असे आणि एकदा सोबती मेला तेव्हा तिने त्याचे बूट उचलले, तलवार नाही.

याच्या उलट अनुभवही सांगायला हवा. क्लास आणि बॅकग्राउंड यांतले अंतर हा निकष झाला की काही खेळाडू केवळ चमत्कृतीसाठी अंतर वाढवतात. एकाने संन्यासी गुप्तहेर नर्तक अशी तीन पूर्वायुष्ये एकाच पात्रात कोंबली होती. तीनही पहिल्या बैठकीत ऐकवून झाली आणि मग वापरायला काही उरले नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे पहिल्या लेव्हलच्या पात्राला सेनापती करणे. ज्याचे दहा-बारा हिट पॉइंट आहेत आणि ज्याला दोन गोब्लिन आडवे करू शकतात, त्याने पूर्वी दहा लढाया जिंकल्या होत्या असे लिहिले तर कागदावरचा आकडा आणि कथा एकमेकांना खोटे पाडतात. सोल्जर घ्यावा, पण तो शिपाई असावा, किंवा सैन्याच्या मुदपाकखान्यातला.

मेळ हवाच हा आग्रह येतो कुठून, याचे मला वाटणारे कारण खेळाच्या इतिहासात आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी खेळ काढला तेव्हा लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक एवढे तीनच क्लास होते. पात्र म्हणजे क्लास, पूर्वायुष्यासाठी वेगळा रकानाच नव्हता. चोर पुढच्या वर्षी आला. त्यामुळे पूर्वायुष्य ही क्लासचीच सावली असते अशी सवय लागली. दुसऱ्या खेळांनी ही गाठ निराळ्या तऱ्हेने सोडवली आहे. १९८६च्या वॉरहॅमर फँटसी रोलप्लेमध्ये व्यवसाय हाच क्लास असतो आणि उंदीर पकडणारासुद्धा नायक होतो. २०१३च्या थर्टीन्थ एजमध्ये स्किलची यादीच नाही. खेळाडू स्वतःच्या शब्दांत पूर्वायुष्ये लिहितो, त्यांच्यात आठ गुण वाटतो आणि एकाला पाचापेक्षा जास्त देता येत नाहीत. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत बॅकग्राउंड दोन गुण वाढवते, पण त्यातला एक खेळाडूच्या मर्जीचा असतो, त्यामुळे तेथे कोणतेही बॅकग्राउंड कोणत्याही क्लासला निभावते. आमच्या प्रश्नकर्त्याचा खलाशी विझर्ड तेथे विनातक्रार जन्मला असता.

शेवटी दोन व्यावहारिक गोष्टी. बॅकग्राउंड ठरवण्याआधी बाकीच्या खेळाडूंच्या स्किलवर नजर टाकावी. चार जणांकडे परसेप्शन आहे आणि मेडिसिन कोणाकडेच नाही अशी स्थिती असेल तर वरचा सगळा हिशेब बदलतो. आणि डीएमला विचारावे की मोहीम कुठे घडणार आहे. वाळवंटात घडणार असेल तर नौकानयनाची साधने तारे पाहून वाट काढण्यापुरती उपयोगी पडतील, बंदरात घडणार असेल तर दर आठवड्याला. डीएम तयार असेल तर २०२४च्या नियमांत नवे बॅकग्राउंड बनवण्याची सोयही आहे. तीन गुण, एक फीट, दोन स्किल आणि एक साधन मिळून ठरवायचे असते. सेलरची परसेप्शन आणि मर्चंटचा इंटेलिजन्स एकत्र हवे असतील तर मी तरी नाही म्हणणार नाही.

मात्र डीएमकडे जाताना आकड्यांचे मागणे घेऊन जाण्याऐवजी ती खातेवही घेऊन जावे. पेटी बेवारस म्हणून चढवली होती, पण ती कोणाची होती हे खेळाडूने ठरवू नये. ते रकान्यात कोरे ठेवावे आणि डीएमला तसे सांगावे.